डॉक्टरची गाडी, कमी पळालेली

आमच्या नगर जिल्ह्यात मुलगी बघायला पाच माणसं जातात आणि जुनी गाडी बघायला नऊ. त्यातला एक टायरला लाथ मारतो. एक जण दार उघडून जोरात लावतो आणि आवाज ऐकून मान हलवतो. एक जण नंबरच्या आकड्यांची बेरीज करतो आणि बेरीज आठ आली की बाकीच्यांना बाजूला घेऊन कुजबुजतो. एक गाणी लावून बघतो. उरलेले चहा पितात. या नवांनंतर दहावा म्हणून मला बोलावतात, आणि अपेक्षा अशी असते की जे आधीच ठरलंय त्याला मी हो म्हणावं.

मी नगरला लागून असलेल्या केडगावचा साळवे मिस्त्री. अडतीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं. डायनामो बांधले, स्टार्टर उघडले, बॅटरीच्या ॲसिडनं माझ्या कितीतरी पँटी आणि एक लग्नातला कोट खाल्ला. आता गुडघे गाडीखाली शिरू देत नाहीत म्हणून गॅरेज भाड्यानं दिलंय आणि फक्त गाडी बघून द्यायचं काम ठेवलंय. कुणी जुनी गाडी घेणार असेल तर मी सोबत जातो, तपासतो आणि घ्यावी की नाही ते सांगतो. ऐकणं न ऐकणं त्याच्या हातात असतं.

डिझेलची गाडी खोटं बोलायला लागली की पकडायला सोपी. सकाळी थंड असताना सुरू करायची, ऑइलचं झाकण काढून धूर बघायचा, बॉनेटच्या बोल्टांचा रंग उडालाय का ते बघायचं. म्हातारी झालेली गाडी खोकतेच. मालकानं कितीही पॉलिश मारलं तरी तिचा खोकला लपत नाही. विजेवरची गाडी मात्र खोकत नाही, धूर सोडत नाही, तेल गाळत नाही. मरायच्या आदल्या दिवशीसुद्धा ती एकदम गुपचूप आणि गुळगुळीत चालते.

लोकांची पंचाईत तिथंच झाली. त्यांची सगळी परीक्षा आवाजावर आणि वासावर. इलेक्ट्रिक एसयूव्ही बघायला आलेली माणसं मला विचारतात, ‘मिस्त्री, ॲव्हरेज किती देती?’ ऑइल कधी बदललं ते विचारतात. श्रीगोंद्याकडच्या एका गृहस्थांनी तर वाकून वाकून सायलेन्सर शोधला, आणि सापडेना तेव्हा ‘सायलेन्सर काढून इकला का रं?’ म्हणून मालकाच्या अंगावर गेले. मालकही असा हुशार की तो म्हणाला, कंपनीनंच दिला नव्हता, नंतर बसवून घ्या.

खरं तर बघायचं ते फार नाही, पण ते दिसत नाही. गाडीच्या मजल्याखाली एक मोठी पेटी असते. तिच्यात शेकडो सेल एकमेकांना जोडलेले. ती पेटी म्हणजेच गाडी, वरचा पत्रा आणि गाणी ही सजावट. त्या पेटीला खालून दगड लागलाय का, आत पाणी गेलंय का, चार्जिंगचं तोंड करपलंय का, आणि सगळे सेल सारख्या ताकदीचे आहेत का, एवढं कळलं की गाडी कळली. यातलं शेवटचं बघायला स्कॅनर लागतो आणि धीर लागतो. स्कॅनर बाजारात मिळतो.

पारनेरकडच्या एका माजी सरपंचांची गाडी बघायला गेलो होतो. चार्जिंगला लावल्यावर गाडीच्या दाराला टेस्टर टेकवला तर तो मंद पेटला. या गाड्यांना चांगलं अर्थिंग लागतं, नसेल तर त्या चार्ज व्हायला साफ नकार देतात. आपल्याकडं अर्थिंग म्हणजे घर बांधताना ठेकेदारानं विसरायची वस्तू. सरपंचांच्या वायरमननं तोडगा काढला होता. सॉकेटमध्ये अर्थच्या जागी न्यूट्रलचीच तार फिरवून दिली. गाडी फसली आणि मुकाट चार्ज व्हायला लागली. उद्या ती न्यूट्रलची तार खांबावर तुटली की सगळा करंट गाडीच्या पत्र्यात आणि पत्र्याला हात लावणाऱ्यात. मी हे समजावून सांगितलं. सरपंच म्हणाले, ‘आरं पन आजवर काय झालं न्हाई ना?’ आपल्याकडची निम्मी वायरिंग या एका वाक्यावर उभी आहे.

नगरातल्या एका प्राध्यापकांची गाडी अशीच. दार उघडेना, दिवा लागेना, आणि त्यांनी गाडी उचलून न्यायला ट्रकसुद्धा बोलावून ठेवला होता. या गाड्यांत मोठ्या पेटीखेरीज एक छोटी, साधी, बारा व्होल्टची बॅटरीही असते. दारं उघडणं, डिस्प्ले लावणं आणि मोठीला जागं करणं ही तिची कामं. ती मेली की मोठी काठोकाठ भरलेली असूनही गाडी मुकी. मी शेजारच्या मोटारसायकलची बॅटरी काढून दोन वायरी लावल्या आणि गाडी जागी झाली. प्राध्यापकांनी मला विजेवर वीस मिनिटं व्याख्यान दिलं, ते मी ऐकून घेतलं.

अशा गोष्टी सांगून मी बरीच वर्षं लोकांना हसवत आलो. लोकांना काही कळत नाही आणि मला सगळं कळतं, हा त्या गोष्टींचा सूर. आता मिरजगावच्या गाडीचं सांगतो, म्हणजे तो सूर जरा खाली येईल.

मिरजगावचा युनूसभाई माझं जुनं गिऱ्हाईक. तीस वर्षं टेम्पो चालवला, कांदा पुण्याला नेला. बोलायला इतका तिखट की त्यानं माझ्या कामाची एकदाही तारीफ केली नाही, आणि टेम्पो मात्र एकदाही दुसऱ्याकडं नेला नाही. त्याची किडनी गेली. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला नगरला आणून चार तास डायलिसिसच्या मशीनवर ठेवावं लागतं. रक्तातली घाण आणि अंगात साठलेलं पाणी ते मशीन काढतं. एक खेप चुकली की पाणी अंगात राहतं, पाय सुजतात, मग ते छातीत चढतं.

त्याची बायको शमीमभाभी, मिरजगावात कापडाचं छोटं दुकान चालवते. आधी एसटीनं आणायची. एकदा मशीनवरून उतरल्यावर युनूसभाई स्टँडवरच कोसळला. मग भाड्याच्या जीपवाल्यांच्या विनवण्या सुरू झाल्या. लग्नसराई आली की त्यांना सोयरे आठवायचे आणि पेशंट विसरायचा. शेवटी भाभीनं पन्नाशीत गाडी चालवायला शिकून घेतली आणि माझ्याकडं आली.

‘दादा, दिसायला कशी का असंना,’ ती म्हणाली. ‘मंगळवारी आन् शुक्रवारी नगरला पोचली पाहिजे. बाकी मला गाडीचं काय बी नको.’

जाऊन येऊन एकशे दहा किलोमीटर, आठवड्यातून दोनदा. जुनी इलेक्ट्रिक घ्यावी हे मीच सुचवलं. आजवर गाडी कशी पाहिजे ते इतक्या सरळ शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली गाडी केडगावातच होती. संतोष नावाच्या ड्रायव्हरची, सुप्याच्या एमआयडीसीत कंपनीची माणसं ने-आण करायला लावलेली. एक लाख चाळीस हजार किलोमीटर पळालेली. सीट फाटलेलं, मागचा बंपर सुतळीनं बांधलेला, दारावर दोन्ही बाजूंनी ओरखडे. संतोष सगळे सर्व्हिसचे कागद घेऊन उभा होता. मी ते हातातही घेतले नाहीत. स्कॅनर पिशवीतच राहिला. ‘एवढी पिळून काढलेली गाडी घेऊन काय करता, भाभी?’ असं म्हणून मी भाभीला वळवलं. संतोषनं कागद पुन्हा पिशवीत घातले.

दुसरी गाडी नेवाशाला होती, आणि ती डॉक्टरची होती.

जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘डॉक्टरची गाडी’ या दोन शब्दांपुढं कुठलाच पुरावा लागत नाही. डॉक्टर गाडी हळू चालवतो, वेळेवर धुतो, खोटं बोलत नाही, अशी आपली श्रद्धा. जाहिराती वाचल्या तर वाटावं की आमच्या जिल्ह्यात जेवढे पेशंट नाहीत तेवढ्या डॉक्टरांच्या गाड्या आहेत. आणि ही तर त्यात कमी पळालेली. चार हजार किलोमीटर फक्त. न वापरलेली वस्तू म्हणजे चांगली वस्तू, हा आपला दुसरा धर्म. आपण काचेच्या कपाटातले कप पाहुण्यांसाठी ठेवतो, पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यात चहा देतो, आणि कप नवे राहिले म्हणून खूश असतो.

आम्ही चौघं गेलो. मी, भाभी, युनूसभाई आणि त्यांच्या शेजारचे दगडूनाना. नाना ऐंशीचे, धोतरवाले. आयुष्यभर बाजारात लोकांना बैल पारखून द्यायचे. शेजाऱ्याची एवढी मोठी वस्तू घ्यायची तर आपण पाहिजेच, म्हणून ते न बोलावता गाडीत येऊन बसले होते.

डॉक्टरांच्या बंगल्यामागं शेड होती. गाडीवर कापडी कव्हर, त्यावर प्लॅस्टिक. सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच. मुलासाठी घेतली होती, मुलगा परदेशात गेला. डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, ‘या, साळवे साहेब. तुमचं नाव ऐकून आहे.’

हे वाक्य मी नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर घडलं. अडतीस वर्षांत मला लोक मिस्त्री म्हणाले, वायरिंगवाला म्हणाले, अरे म्हणाले. काही घरांत आडनाव ऐकल्यावर माझा चहा बाहेर ओट्यावर आला, आणि तोही कान तुटलेल्या कपात. इथं डॉक्टरांनी मला सोफ्यावर शेजारी बसवलं, घरातल्या कपात चहा दिला आणि हाय व्होल्टेजबद्दल माझं मत विचारलं. मी मत दिलं. जरा लांबलचकच दिलं. मला फार बरं वाटत होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसत असणार, कारण युनूसभाई माझ्याकडं बघून मिशीत हसत होता.

मग स्कॅनर लावला. पेटीची तब्येत सत्त्याण्णव टक्के. चार्जिंग साठ टक्के. सगळे सेल एकसारखे, एका रांगेत उभे. आता इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला पाहिजे. पेटी अर्धी भरलेली असताना चांगला सेल आणि मेलेला सेल जवळजवळ सारखेच दिसतात. खरं-खोटं तळाशी गेल्यावर कळतं. म्हणून गाडी पूर्ण भरायची, मग पळवत पळवत तळापर्यंत आणायची आणि स्कॅनरवर नजर ठेवायची. एखादा सेल आजारी असेल तर तिथं तो एकदम मान टाकतो. आणि ते सत्त्याण्णव टक्के म्हणजे गाडीनं स्वतःच स्वतःला दिलेले मार्क. ती पळालीच नसेल तर परीक्षा न देता दिलेले. हे मला माहीत होतं. त्याला अख्खा दिवस लागतो, हेही माहीत होतं.

‘गाडी दिवसभर पळवून बघावी लागेल,’ असं मी म्हणालोसुद्धा, पण विचारल्यासारखं म्हणालो.

डॉक्टर हसले. ‘साळवे साहेब, तुमच्यासारख्या जाणकाराला दिवस कशाला लागतो?’

तिथं मी दिवसाचा अर्धा तास केला. नेवाशाबाहेर दहा किलोमीटरचा फेरा मारून आलो. गाडी लोण्यासारखी चालली.

परत आलो तेव्हा नाना गाडीभोवती हळूहळू फिरत होते. बॉनेटवर हात ठेवून त्यांनी विचारलं, ‘डाक्टर, हे किती दिस उभं हुतं वो?’

‘उभी म्हणजे, अगदी जपून ठेवली होती, नाना. पावसाचा थेंब लागू दिला नाही.’

‘जपल्यालं न्हाई इचारत म्या. उभं किती दिस हुतं?’

‘झालं असेल वर्षभर.’

नाना माझ्याकडं वळले. ‘मिस्त्री, वरीसभर दावणीला बांधून ठिवल्यालं जनावर लई देखनं दिसतंय. पन औताला जुपलं की बसतंय. त्येचं पाय धरल्यालं असत्यात.’

मी मोठ्यानं हसलो. ‘नाना, हा बैल नाही. याला पाय नसतात.’ डॉक्टरही हसले. मला आठवतंय, मी त्यांच्याकडं बघून हसलो होतो, दोन जाणकार माणसं एका अडाण्याला हसतात तसा. भाभी हसली नाही. ती म्हणाली, ‘दादा, तुमी सांगाल तसं.’

मी माझ्या छापील कागदावर लिहिलं, ‘गाडी तपासली. उत्तम स्थितीत आहे. घेण्यास हरकत नाही.’ खाली सही आणि तारीख. सही त्या दिवशी नेहमीपेक्षा मोठी आली.

तीन महिने गाडी चांगली चालली. भाभी रात्रभर चार्जिंगला लावायची, सकाळी शंभरवर निघायची, परत घरी यायची तेव्हा चाळीसच्या वर असायची. म्हणजे गाडी तळाकडं कधी गेलीच नाही. आजारी सेल वरच्या वर चांगल्यांत मिसळून राहिले.

मग एका गुरुवारी रात्री मिरजगावात लाईट गेली ती सकाळपर्यंत आली नाही. शुक्रवारी भाभी पन्नास टक्क्यांवर निघाली. हिशोब बरोबर होता. नगरला पोचायला पंचवीस-तीस टक्के पुरतात, आणि दवाखान्याजवळ चार्जर आहे. आठच्या सुमारास मला फोन आला.

‘दादा, गाडी थांबली. रुईच्या अलीकडं.’

‘डिस्प्लेवर किती आहे?’

‘एकतीस हुतं. एकदम हळू पडली आन् बंद झाली. आता काय बी दाखवत न्हाई.’

मी तिला ब्रेक दाबून बटन दाबायला सांगितलं. दार उघडून लावायला सांगितलं. एकतीस टक्के असताना गाडी थांबूच शकत नाही, असंही सांगितलं. फोनमधून युनूसभाईचा श्वास ऐकू येत होता. मंगळवारनंतर त्याच्या अंगात पाणी जास्त साठलं होतं आणि पहाटेपासून त्याला आडवं झोपता येत नव्हतं. माझ्या सगळ्या सूचना संपल्यावर भाभी म्हणाली, ‘दादा, गाडीचं ऱ्हाऊ द्या. ह्यांना न्यायला कुनी तरी पाठवा.’

त्या वेळी मला एकच माणूस आठवला ज्याची गाडी सकाळी आठला भरलेली आणि तयार असते. संतोषची गाडी विकली गेली नव्हती. मी त्याच्या घरी जाऊन फक्त एवढंच सांगितलं की पेशंट रस्त्यात अडकलाय. त्यानं चप्पल घातली. सुतळीनं बांधलेल्या बंपरच्या त्या गाडीतून आम्ही पाऊण तासाच्या आत रुईच्या पलीकडं पोचलो.

युनूसभाई एका चहाच्या हॉटेलापुढं बाजेवर बसला होता, दोन्ही हात मागं टेकून, तोंड उघडं. डॉक्टरची पांढरी गाडी रस्त्याच्या कडेला चकचकत उभी होती. संतोषनं युनूसभाईला लहान मुलासारखं उचलून मागच्या सीटवर बसवलं आणि थेट नगरला दवाखान्यात आणलं. वाटेत संतोष फक्त युनूसभाईशी बोलत राहिला. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

युनूसभाईचं मशीन तोवर दुसऱ्या पेशंटला दिलेलं होतं. ऑक्सिजन लावला, धावपळ झाली आणि दुपारी एक मशीन मोकळं करून त्याला घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाई बाहेर येऊन भाभीला म्हणाल्या, ‘आणखी तासाभराने आणलं असतं तर आमच्या हातात काही राहिलं नसतं.’ मी शेजारी उभा होतो. त्यांना वाटलं मी घरचा माणूस आहे, म्हणून त्यांनी माझ्याकडं बघूनही मान हलवली.

युनूसभाईला चार दिवस ठेवून घेतलं. मी गाडी ओढून केडगावला आणली, भरली, पळवली आणि स्कॅनर लावून तळापर्यंत नेली. तिशीजवळ आल्यावर दोन सेलांनी मान टाकली. वर्षभर गाडी जवळजवळ रिकामी उभी होती, आम्हाला दाखवायला म्हणून साठपर्यंत भरली, पण तोवर हे दोन सेल संपले होते. बांधून ठेवलेल्या बैलासारखे त्यांचे पाय आखडून धरले होते. नानांना बॅटरीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि माझ्या अख्ख्या धंद्यातला पहिला प्रश्न त्यांनीच विचारला होता.

मी नेवाशाला गेलो. डॉक्टर म्हणाले, ‘पण तपासली तर तुम्हीच होती ना, साळवे?’ साहेब गळून पडला होता. चहा आला नाही. आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं, तो कागद माझाच होता. मग मी त्यांना सांगितलं की ती गाडी कुणासाठी घेतली होती आणि शुक्रवारी तिच्यात कोण बसलं होतं. डायलिसिसचा पेशंट म्हटल्यावर त्यांनी कुठल्या दवाखान्यात, आता कसा आहे, ते विचारलं. शेवटी म्हणाले, ‘दुरुस्तीचं निम्मं मी बघतो.’ उरलेलं निम्मं कुणाचं, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

पेटी पुण्याला गेली, उघडली, त्यातला आजारी भाग बदलला, परत आली. पाच आठवडे लागले. तेवढे सगळे मंगळवार आणि शुक्रवार संतोषनं निभावले. एकदाही त्याची गाडी अडली नाही.

गाडी आल्यावर मी ती दोनदा तळापर्यंत पळवली आणि भाभीला फोन केला की आता बिनधास्त घेऊन जा. ती मंगळवारी संतोषच्या गाडीतून आली, तेव्हा मी गाडी घेऊन दवाखान्याच्या दारात उभा होतो. युनूसभाईला मशीनवर लावलं आणि खाली येऊन किल्ली मागितली.

‘चार तास हायेत,’ ती म्हणाली. ‘चला. मला बघायचंय.’

‘मी बघितलीय, भाभी. दोनदा.’

‘तुमी मागं बी बघितली हुती.’

ती स्टेअरिंगवर बसली, मी शेजारी, मांडीवर स्कॅनर. मुद्दाम पन्नास टक्क्यांवर निघालो. पुणे रोडनं सुप्यापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं. केडगाव मागं पडलं. तिची नजर रस्त्यावर, माझी आकड्यांवर. पस्तीस झाले, चौतीस झाले.

‘दादा, एक इचारू? तुमच्या घरी, वहिनीला दवाखान्यात न्यायला गाडी पाहिजे असती, तर त्या दिशी अशीच घेतली असती का?’

मी खोटं बोलू शकलो असतो. सेल, वर्ष, कंपनी, लाईट, बोलायला पुष्कळ होतं. मी म्हणालो, ‘नाही. दिवसभर पळवली असती.’

‘मग आमच्या टायमाला काय झालं?’

‘डॉक्टरांनी मला साहेब म्हटलं, भाभी. घरात बसवून चहा दिला. मग मला त्यांच्यावर संशय घ्यायची लाज वाटली.’

आकडा एकतीस झाला. तिचे हात स्टेअरिंगवर आवळले गेले. तीस. एकोणतीस. सेल एका रांगेत उभे होते. ती हळूच म्हणाली, ‘मी तर तुमाला दादा म्हनते.’

मी उगाच स्कॅनरची वायर नीट करत राहिलो. सुप्याहून वळून केडगाव पुन्हा आलं तेव्हा अठरा होते. नगरात शिरलो आणि तिनं पुन्हा बायपासकडं गाडी घातली, एक फेरा, मग दुसरा. दहा झाले, आठ झाले. सहा टक्क्यांवर तिनं दवाखान्याजवळच्या चार्जरला गाडी लावली, स्वतः चार्जिंगची गन अडकवली आणि दिवा हिरवा होईपर्यंत तिथंच उभी राहिली.

युनूसभाई मशीनवरून उतरून बाकावर बसला होता, थकलेला, पण चेहऱ्यावर रंग परत आलेला. भाभी मला म्हणाली, ‘लिहून द्या.’

मी पिशवीतून कागद काढला. ‘उत्तम स्थितीत’ वगैरे काही लिहिलं नाही. ‘पन्नासपासून सहा टक्क्यांपर्यंत चालवून पाहिली, कुठे अडली नाही, शमीमभाभींनी स्वतः चालवली,’ एवढं लिहिलं. खाली सही केली आणि तारीख घातली. भाभीनं तो वाचून युनूसभाईच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावला. तीस वर्षं माझ्या बिलांवर नजर टाकायचा तशीच सावकाश नजर त्यानं त्या दोन ओळींवरून फिरवली, आणि कागद मला परत केला.

‘तारीख चुकली, मिस्त्री,’ तो म्हणाला. ‘ही नेवाशाच्या दिवसाची पाहिजे हुती.’